बंदूक घरी ठेवून या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका तरुण वाचकाचे पत्र आले होते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलात ट्रेकिंगला जाणाऱ्यांना अस्वलांचे भय आहे, तेव्हा अशा गटांना स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना द्यावा, निदान परवाना असलेला माणूस बंदुकीसह बरोबर नेण्याची मुभा तरी असावी, अशी त्यांची मागणी. पत्र मनापासून लिहिले होते, यात शंका नाही. पण ते वाचताना मला जानेवारीत माझ्या अंगणात येऊन बसलेली बेळगावच्या टिळकवाडीची तीन पोरे आठवली. चहा झाला, इकडचे तिकडचे झाले, आणि त्यातला चष्मेवाला हळूच म्हणाला, "काका, तुमच्याकडं डबल बॅरल आहे म्हणे. ती घेऊन चला की आमच्यासंगट. दिवसाला दीड हजार देतो."

त्यांना कुणी सांगितले देव जाणे. बंदूक आहे, हे खरे. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षे काढून २००८ साली नायब सुभेदार म्हणून घरी आलो. दोन मुलांची शिक्षणे व्हायची होती. माजी सैनिकाला बँकेच्या दारावर नोकरी हवी तर पदरची बंदूक असलेली बरी, म्हणून परवाना काढून बारा बोअरची घेतली. पुढची दहा वर्षे ती मांडीवर आडवी ठेवून स्टुलावर बसलो. दहा वर्षांत तिच्यातून एकही बार निघाला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. आता ती ट्रंकेत असते. खंडेनवमीला बाहेर काढतो, तेल देतो, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहतो, परत ठेवतो. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतो. २०२३ ची विधानसभा आणि २०२४ ची लोकसभा, दोन्ही मे महिन्यात झाल्या. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पाणी आटले आणि जनावर खाली उतरले की आमच्या भागातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्याच्या खोलीत चिठ्ठ्या लावून उभ्या. पत्रलेखकाने हा हिशेब केलेला दिसत नाही.

पण मुद्दा तो नाही. मी बंदुकीत वाढलेला माणूस आहे. माझ्या लहानपणी घरात पीक राखायला आजोबांची ठासणीची बंदूक होती. दारू ठासायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, परत चिंधी, मग टोपी बसवायची. एक बार झाला की दुसऱ्याची तयारी होईपर्यंत डुक्कर चार वावरे ओलांडून जाई. एका रात्री नाचणीच्या शेतात माळ्यावर माझे वडील आणि थोरले चुलते राखणीला होते. चुलते पाणी प्यायला खाली उतरले, ते वडिलांना डुलकीत कळले नाही. बांधापलीकडे खसफस झाली, वडिलांनी बार टाकला. चुलत्यांच्या मांडीत चौदा छर्रे गेले. तेरा निघाले. एक राहिला तो राहिलाच. आम्ही पोरे त्यांच्या मांडीवर बोट दाबून तो वाटाण्यासारखा सरकवत असू, आणि चुलते हसत असत. वडील मात्र तेवढ्यात उठून बाहेर जात. मरेपर्यंत त्यांनी पुन्हा त्या बंदुकीला हात लावला नाही. "डुक्कर समजून माणूस मारला" अशी बातमी वर्षा-दोन वर्षांनी कुठून ना कुठून छापून येते. ती वाचली की मला तो वाटाणा आठवतो.

आता अस्वलाचे सांगतो, कारण पत्रलेखकाने अस्वल बहुधा मोबाईलवरच पाहिले असावे.

आमची काजूची बाग गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत आहे. चार वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला आदल्या रात्री गवे येऊन कुंपण तुडवून गेले होते. परत आले तर हवेत एक बार काढून हुसकावू, या विचाराने सकाळी बंदूक खांद्याला लावून निघालो. मागून शंभर पावलांवर माझ्या वहिनी न्याहारीचे डबे घेऊन येत होत्या. वळणावर कारवीची दाट जाळी आहे, तिच्या पलीकडे वारूळ. तिथून आवाज आला, सायकलच्या पंपाने उलटी हवा ओढावी तसा. फुस्स, फुस्स, मग जोराने ओढल्यासारखा. अस्वल वाळवी खाते तेव्हा ते वारुळाला भोक पाडून आधी माती फुंकून टाकते आणि मग वाळवी तोंडाने ओढून घेते. त्याचा आवाज बराच लांब जातो. मला ठाऊक होते. तरी मी दोन पावले पुढे गेलो, कारण खांद्याला बंदूक होती. ती नसती तर मी जागीच थांबलो असतो.

जाळीच्या कडेला आलो आणि ते दोन पायांवर उभे राहिले. आठ-दहा पावलांवर. छातीवरचा पांढरा, घोड्याच्या नालेसारखा पट्टा मला अजून दिसतो. अस्वलाला नीट दिसत नाही, ऐकूही कमीच येते; नाकावर त्याचे सगळे चालते, आणि वारा माझ्याकडून नव्हता. त्यामुळे मी त्याच्या अंगावर येऊन ठेपेपर्यंत त्याला माझा पत्ता नव्हता. असे दचकलेले अस्वल पळायच्या आधी समोरच्याचे डोके, तोंड ओरबाडते. आमच्या तालुक्यात अस्वलाने धरलेली माणसे पाहिलीत तर जखम कुठे असते ते कळेल.

माझी बंदूक रिकामी होती. रिकामीच असायला हवी. भरलेली बंदूक खांद्यावर टाकून झाडीतून चालणारा माणूस अस्वलापेक्षा धोकादायक. काडतुसे कमरेच्या पट्ट्यात. नळी मोडायची, दोन काडतुसे सारायची, मिटायची, खटका सरकवायचा, खांद्याला लावायची. चोवीस वर्षे हत्यार हाताळलेल्या माझ्यासारख्यालाही चार-पाच सेकंद लागतात, तेही हात कापत नसतील तर. अस्वलाला दहा पावले यायला दोन सेकंद पुरतात.

वाचवले ते वहिनींनी. त्यांना वळणापलीकडचे काही दिसत नव्हते, पण मी थबकलेला दिसलो. त्यांनी हातातला ॲल्युमिनियमचा डबा विळ्याने ठणाठणा बडवायला सुरुवात केली आणि जोराने हाळी दिली. अस्वल खाली बसले, वळले, आणि उतारावरून दगड उधळत गेले. मी मात्र बराच वेळ उभाच. वहिनी जवळ आल्या, माझ्या खांद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भावोजी, ती बंदूक कशाला आणलासा? त्यापरीस एक डबा तरी धरायचा हुता हातात." उसळ सगळी सांडली होती. त्या दिवशी आम्ही कोरडी भाकरी आणि चटणी खाल्ली.

कुणी म्हणेल, हा शेतकऱ्यांचा प्रकार झाला. शिकलेला, सरावलेला बंदूकधारी असेल तर? तर काश्मीरमधल्या कुपवाड्याचे ऐका. १९९७-९८ च्या हिवाळ्याआधी आमची पोस्ट देवदाराच्या जंगलात होती. लंगरच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराच्या, मागे उष्टे टाकायचा खड्डा. त्याच्यावर काळे अस्वल यायचे, तिथले हिमालयातले, आपल्याकडच्यापेक्षा दणकट. एका पोस्टवर तीस-पस्तीस भरल्या रायफली आणि रात्री जागा पहारा. पण त्या अस्वलावर एकही गोळी झाडली गेली नाही. फौजेत प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो आणि रात्री एक गोळी सुटली की पलीकडच्या दोन पोस्ट उभ्या राहतात, हे एक. दुसरे म्हणजे आमचे साहेब म्हणाले, खड्डा बुजवा. बुजवला, उष्टे जाळायला लागलो, आणि तारेला रिकामे डबे बांधले. अस्वल दोन रात्री फिरून गेले, तिसऱ्या रात्री आले नाही. भटक्यांनी यातून एवढे जरी घेतले की रात्री तंबूबाहेर मॅगी-चिवड्याचे कागद टाकायचे नाहीत, तरी माझ्या पत्राचा खर्च वसूल.

आता कायद्याचे. हे जरा लांबेल, पण पत्रलेखकाने "कायद्यात सुधारणा करून" असे तीन शब्दांत उडवले आहे म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यातले भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३१ सांगते की लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुणीही अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचे नाही. 'शस्त्र' म्हणजे नुसती बंदूक नव्हे. त्या कायद्याच्या व्याख्येत सुरी, जाळे, फास, विषही येते. आमच्या लोकांच्या कमरेच्या आकडीला जो कोयता अडकवलेला असतो तो नाक्यावरच्या गार्डाने मनात आणले तर त्यातच बसेल. कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या बंदुकीची नोंद करायची असते, आणि त्या हद्दीत नवा परवाना वनखात्याच्या मुख्य वन्यजीव अधिकाऱ्याच्या संमतीवाचून देता येत नाही. पत्रलेखक ज्या गावांतून वाटाड्ये घेणार त्यातली बरीच गावे याच दहा किलोमीटरांत आहेत.

आणि खरी मेख पुढे आहे. कलम ११ म्हणते, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना चांगल्या हेतूने जनावर मारले तर गुन्हा नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. त्याच्या पुढचे कुणी वाचत नाही: त्या वेळी तुम्ही याच कायद्याचे उल्लंघन करत असाल तर ही सूट तुम्हाला नाही. म्हणजे विनापरवानगी बंदूक घेऊन आत शिरलात आणि जीव वाचवायला अस्वल मारलेत, तरी तुम्ही शिकारीच. अस्वल, गवा, बिबट्या, हत्ती हे सगळे पहिल्या अनुसूचीत. शिक्षा तीन ते सात वर्षे. दिवसाला दीड हजारावर मी ही जोखीम घ्यावी अशी त्या चष्मेवाल्याची अपेक्षा होती. पोरगा वाईट नव्हता हो. त्याला माहीत नव्हते, इतकेच.

शिवाय आपला सीमाभाग. चोर्ल्याच्या बाजूला तुम्ही सकाळी कणकुंबीहून निघालात की एका दिवसाच्या चालीत तीन राज्ये पायाखाली येतात. कर्नाटकातून निघून गोव्याच्या म्हादई अभयारण्यात कधी शिरलो ते ओढ्यालाही कळत नाही, आणि थोडे उत्तरेला सरकले की दोडामार्ग-चंदगड, महाराष्ट्र. बंदुकीचा परवाना मात्र त्याच्यावर लिहिलेल्या हद्दीपुरता. ती हद्द ओलांडली की तीच बंदूक बेकायदा. सीमाप्रश्नावर आमच्या दोन पिढ्या गेल्या, सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ पासून पडून आहे. तो ओढा नक्की कुणाचा हे ठरवायचे काम आता ट्रेकरच्या खांद्यावरच्या बंदुकीने करू नये.

कर्नाटकातल्याच कोडगूचे (कूर्गचे) उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. तिथल्या कोडवांना आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, ब्रिटिशांच्या काळापासूनची. पण ती त्यांच्या रीतीरिवाजाची गोष्ट. अभयारण्यात बंदूक नेण्याची मुभा त्यांनाही त्यातून मिळत नाही.

माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. डोंगर चढायचा त्याला नाद. पत्र मी त्याला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, मामा, इकडे फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते. पण ज्या यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वले आहेत तिथले रेंजर काय सांगतात? तीन किंवा जास्त जण मिळून चाला, बोलत-आवाज करत चाला, आणि तिखटाचा फवारा हाताशी ठेवा. अलास्कातल्या अस्वलांच्या चकमकींचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला होता. बंदूक जवळ असलेल्यांनी ती झाडली काय आणि न झाडली काय, जखमी होण्याचे प्रमाण तेच निघाले. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर मात्र वस्तीबाहेर पडताना अस्वल हुसकावायचे साधन जवळ ठेवावेच लागते आणि बंदुकीचीही शिफारस आहे. पण तिथे पांढरे अस्वल बर्फावर मैलभरावरून दिसते. आमच्या कारवीत समोरचा माणूस पाच पावलांवर दिसत नाही. पाठीमागच्या माणसाने झाडलेली गोळी कुणाला लागेल ते मी सांगायला नको.

बेळगावकरांना वाटते आपण शहरातले, आपल्याला काय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानावर बिबट्या आला होता ना? बावीस शाळा बंद, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती मागवले, बंदूकवाले, जाळीवाले, कॅमेरेवाले. महिना गेला. बिबट्या कुणाच्या हाती लागला नाही, आणि हा सारा फौजफाटा बाजूला असताना त्या झाडीत त्याचे छान चालले असावे.

आणि एक गोष्ट त्या पत्रात कुठेच नव्हती, ती म्हणजे पाणी. भटकायला जाणारी आपली पोरे जनावराच्या तोंडी क्वचित जातात, बुडून जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार मुली एकाच दिवशी बुडाल्या. पावसात वज्रपोहा, चिखले, सुर्ला या धबधब्यांच्या वाटांवर दगड तेल लावल्यासारखे असतात. त्याला बंदूक काय करणार? वीस रुपयांची सुती दोरी उपयोगी पडेल.

मग त्या तीन पोरांचे काय केले? गेलो त्यांच्याबरोबर, बंदूक न घेता. परवानगी काढायला लावली, त्यात दोन दिवस गेले, कुरकुरले. नाक्यावरचा सूचनांचा फलक कन्नड आणि इंग्रजीत होता. त्यातला एकजण मला विचारतो, काका, हे काय लिहिलंय? जीवाशी संबंध असलेल्या चार ओळी तरी त्या भागात मराठीत असाव्यात. यात राजकारण शोधू नये. वाट दाखवणारे आणि वाट चालणारे, दोघेही मराठी वाचतात.

सूर्य चांगला वर आल्याशिवाय निघालो नाही, आणि चार वाजता परत फिरलो. प्रत्येकाच्या हातात काठी दिली. काठी मारायला नाही, दगडावर आपटायला. आमच्या गावच्या बायका सरपणाला जाताना अखंड बोलत असतात. पुरुष हसतात त्यांना. पण इतक्या वर्षांत आमच्या गावात अस्वलाने जी चार माणसे धरली ती चारही पुरुष होती, एकेकटी आणि मुकाट्याने चाललेली. पोरांच्या कानातली ती गाण्यांची बोंडे मी काढायला लावली. वारुळे ताजी उकरलेली दिसली की तिथे थांबायचे, हाळी द्यायची, मग जायचे. उंबर-जांभळाखाली जेवायला बसायचे नाही. एकटा गवा दिसला तर फोटो काढायला पुढे जायचे नाही. कळपापेक्षा तो एकटाच वाईट. त्याने मान वाकडी करून नाकातून फुंकर सोडली तर झाडाआड होऊन मागे सरायचे. वर गेल्यावर मोबाईलला रेंज नसते, म्हणून परतायची वेळ घरी वहिनींकडे लिहून ठेवली होती. सहापर्यंत आलो नाही तर माणसे निघणार होती. हे फार महत्त्वाचे. जंगलातल्या आमगाव, गवाळीकडच्या लोकांना विचारा, आजारी माणूस पावसात खांद्यावर बांधून आणायला किती वेळ लागतो. जखमी ट्रेकरलाही त्याच वाटेने आणि त्याच खांद्यांवरून यावे लागणार.

म्हणून पत्रलेखकाला माझी विनंती आहे की मागणी करायचीच तर ही करा: परवानगी देताना गटामागे एक स्थानिक वाटाड्या सक्तीचा करावा, त्याला ठरलेली मजुरी मिळावी, आणि वाटाड्यांना प्रथमोपचाराचे दोन दिवसांचे शिक्षण द्यावे. तळेवाडी, हेम्माडगा, देगाव या बाजूची कितीतरी पोरे गोव्यात हॉटेलात भांडी घासतात. त्यांना डोळे मिटून त्या वाटा माहीत आहेत. बंदुकीवर खर्च करायचा तो पैसा त्यांच्या हातात पडू दे.

त्या दिवशी आम्हाला अस्वल दिसले नाही. शेकरू दिसली, आणि एका पाणवठ्यावर गव्याचे ताजे खूर. उतरल्यावर चष्मेवाल्याने दीड हजार पुढे केले. मी नऊशे घेतले, बंदुकीचे सहाशे वजा. मग तो म्हणाला, "काका, निदान तिच्यासोबत एक फोटो तरी?" मी म्हटले, वहिनींच्या डब्यासोबत काढ. चेपलेला आहे अजून.

येत्या रविवारी पुण्याहून नऊजण येणार आहेत. त्यांनीही फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला.

कळावे,
आपला एक वाचक,
निवृत्त नायब सुभेदार, जांबोटी भाग, ता. खानापूर

(घरात बंदूक असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)